मेणातली केसर

९ एप्रिल

आधी सगळ्यांची खुशाली. केसर, आज कशी आहेस? सकाळी पेजेचे दोन घोट पोटात राहिले, म्हणजे कालच्यापेक्षा बरी. सुमनचं डोकं थांबलं का? थांबलं. टँकरच्या रांगेत ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. उत्तम, तुझ्या पायाचं कुरूप? धारूर रोडच्या चारा छावणीत जनावरांजवळ पडून असतो पोरगा, निरोप नाही म्हणजे ठीकच. कपिला? तीही छावणीत, उसाचे वाडे खाऊन जीभ सोलली म्हणतात. दारातला लिंब? हिरवागार. कुठून पाणी मिळतं त्याला, त्यालाच ठाऊक. आणि मी? गुडघे सोडले तर खणखणीत.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरची पत्रं जन्मभर लिहून दिली. स्वतःसाठी वही घेतली तरी हात पत्रासारखाच चालू होतो. चालू दे.

केसरचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, पोट उघडून महिना होऊन गेला. अर्धं जठर काढलं. गाठ निघाली, पण तिचे दाणे काळजाकडं गेलेत म्हणाले. केसर विधवा होऊन माझ्याकडं आली तेव्हा तिचा उत्तम रांगत होता. आता त्याची बायको सुमन तिचं सगळं करते. पोटच्या लेकीनं केलं नसतं असं.

११ एप्रिल

सुमनला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलतो. केजपर्यंत जीप, पुढं एस.टी. तपासणीच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी केसरचा (पुढं नुसतं के. लिहितो) तुकडा हातात दिला. खरंच दिला. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळी, तिच्यावर मेणाची वडी, मेणात हरभऱ्याच्या डाळीएवढं राखाडी काहीतरी. कडेला नंबर.

मी विचारलं, "ही आमची केसर?"

बाई म्हणाल्या, "केसरबाईंच्या गाठीचा भाग आहे, काका."

समजावून सांगितलं त्यांनी. गाठीच्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. कुणाच्या असतं, कुणाच्या नसतं. पुण्याला या तुकड्याचे पापुद्रे काढून त्यांना रंग देतात. प्रथिन भरपूर असलं तर पेशीपेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. नसलं तर नुसतं फिकं निळं. मी म्हटलं, दुधासारखंच की. वरून सगळं पांढरं, आम्ल घालून नळी फिरवल्याशिवाय फॅट कळत नाही. मी दूध संस्थेत तेच केलं इतकी वर्षं. बाई म्हणाल्या, हां, तसंच समजा.

पुढचं डोक्यातून जात नाही. असं प्रथिन असलेली गाठ दांडगी असते म्हणे. पूर्वी अशा माणसांची मुदत लवकर भरायची. (सगळे डॉक्टर यावर एकमताचे नाहीत, हेही बाईंनी सांगितलं.) आता त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारं औषध आलंय. प्रथिन असलं तर ते औषध चालतं, काही महिने जास्त मिळतात, एखाद्याला बरेच. नसलं तर नेहमीचं औषध आणि होईल तेवढं.

म्हणजे देवापुढं हात जोडून मागायचं काय? गाठ दांडगी निघू दे?

पुण्याची तपासणी फुकट होणार, पण नंबर लागायला वेळ आहे. तोवर ठोकळा आमच्याजवळ. "उन्हात ठेवू नका, मेण आहे," एवढं बजावलं.

एस.टी.त सुमननं तो पदरात धरला. उन्हाची बाजू बदलली की आम्हीही बाक बदलायचो. कंडक्टर म्हणाला, मामा, अंडी हायत का पदरात?

१२ एप्रिल

घर पत्र्याचं. देवळीतली मेणबत्ती कालच्या दुपारी वाकून नमस्कार घालून बसलेली. ठोकळा ठेवायचा कुठं? माठाखालच्या वाळूत ठेवावा तर माठच आठवड्यातून तीन वेळा कोरडा.

मला सुचलं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला भिंत लागून दूध संस्था. गुरं छावणीत गेली, दूध बंद, दुधाची गार टाकी रिकामी. सेक्रेटरी बाबुराव लहानपणापासूनचा दोस्त.

"गणप्या, बे, दूध न्हाई म्हणून मशीन बंद हाय, आन् तू बहिणीचं काळीज ठिवायला आलास?"

"काळीज न्हाई. पोट."

"मग ठिव. पोटासाठीच काढली ही संस्था."

पण कोरडी टाकी चालवली तर मशीन बसेल म्हणाला. टँकरच्या पाण्यातल्या दोन घागरी ओतल्या. सुमनचं तोंड उतरलं. ठोकळा स्टीलच्या डब्यात, डबा पाण्यात, वर वीट. झाकण लावलं, खटका दाबला. कित्येक दिवसांनी भिंत घुमली.

के.ला सांगितलं. ती टाकी तिनंच घासलेली, वर्षानुवर्षं. दूध गाडीत गेलं की ब्रश घेऊन आत उतरायची, आतून ओव्या म्हणायची. आवाज असा यायचा की विहिरीतून कुणी बोलतंय.

म्हणाली, "बरं केलंस दादा. वळखीची जागा हाय." मग थोड्या वेळानं, "आपण नखंसुदिक कुटंबी टाकत न्हाई. कुणाच्या पायाखाली याया नको म्हणून. आन् माझं पोट टाकीत."

१४ एप्रिल

के.च्या पोटातली जळजळ थांबली! ऑपरेशनच्या आधीपासूनची, कशानंच न हटलेली. के.नं भाकरीचा पापुद्रा दुधाच्या भुकटीत कालवून खाल्ला. "आत कुणीतरी गार हात ठिवल्यावानी वाटतंय," म्हणाली. सुमन हसली, मी हसलो. बाबुरावला सांगितलं तर म्हणाला, बिल पाठवू का मग?

आनंदात झोपलो.

१७ एप्रिल

भर दुपार. कावळा चोच वासून लिंबात बसलेला. पत्र्याखाली बसवत नाही अशी आग. आणि के. म्हणते, वाकळ दे.

मला वाटलं, चेष्टा. हात धरला तर बर्फ. नखं निळसर. दोन वाकळा घातल्या, सुमननं तळवे चोळले. दात वाजत होते.

गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं. रक्त कमी झालंय, अशानं थंडी वाजते म्हणाले. गोळ्या दिल्या. पटलं. पटायलाच पाहिजे.

१८ एप्रिल

सकाळपासून लाइट नाही. के. उठून बसली, सूप मागून घेतलं, तूर निवडली. सुमनला टोमणे मारायलाही सुरुवात. "सुमे, डाळीत खडे जास्त हायत का खड्यात डाळ?" सुमन म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या लेकानंच आणलीय बाजारातून, त्यालाच इचारा." जुनं घर पुन्हा भरल्यासारखं वाटलं.

दुपारी लाइट आली. भिंत घुमली. के.नं सूप खाली ठेवलं.

"वाकळ दे, सुमे."

१९ एप्रिल

आवाजाचं असणार. मशीन चालू झाली की भिंतीतून तिला ऐकू येतं, आत आपला तुकडा गारठतोय हे मनात येतं, मग अंग ऐकतं मनाचं. एवढा विचार मी करू शकतो. पुस्तकी नाही शिकलो तरी शंका पारखून घ्यायला संस्थेत शिकलो. दुधात पाणी आहे म्हणून भांडण लागलं की राखून ठेवलेला नमुना काढायचा, तोंडावर विश्वास ठेवायचा नाही.

बाबुरावशी ठरवलं. उद्या कधीतरी गारवा बंद करायचा, पण आतली ढवळणी फिरती ठेवायची. आवाज तोच राहील. कधी ते मला सांगायचं नाही.

२० एप्रिल

नीट लिहितो.

के. वाकळेत. भिंत घुमतेय. मी शेजारी शेंगा फोडत बसलेलो. एकदम तिनं वाकळ बाजूला सारली, डोळ्यांवर हात आडवा धरला, जसं उन्हात आल्यावर धरतात.

"ऊन आलं का रं आत?"

खोलीत अंधार. दार लोटलेलं, खिडकीला पोतं.

मी उठलो, गेलो मागं. मनात म्हणालो, बरं झालं, बाबुरावनं गारवा बंद केला आणि हिला ऊब लागली, योगायोग. तर बाबुराव टाकीजवळ उभा, झाकण उघडं.

"बंद केलंस?"

"न्हाई अजून. पाणी किती उरलं बघाया झाकण उगडलं." आणि वर बोट. पत्र्याला भोक आहे जुनं. त्यातून उन्हाचा एक तुकडा सरळ टाकीत, डब्यावर.

मी केसर काय म्हणाली ते सांगितलं. बाबुराव आणि माझ्यात गेल्या साठ वर्षांत चेष्टेशिवाय बोलणं झालं नसेल. आज तो घाईनं पुढं झाला. झाकण लावलं. टॉवेलनं हात पुसले, मग पुन्हा पुसले.

२२ एप्रिल

गावाला कळलंय. बाया घागरी घेऊन संस्थेवरून जायच्या, आता वळसा घालतात. टाकीत गार पाणी आहे हे सगळ्यांना माहीत, अशा दुष्काळात, आणि कुणी तांब्याभर मागितलं नाही.

दुपारी के. म्हणाली, "वरून थेंब पडतोय."

"कुटं?"

"झाकणाच्या मधोमध घाम धरतो न्हाई का. टप् टप्. डब्यावर."

मी म्हटलं, अगं, तू घासलीस ती टाकी, तुला सगळं आतलं पाठ आहे, म्हणून तसं वाटतं.

"हां. पाठ हाय." छताकडं बघत राहिली. "लई येळा उतरले मी त्यात. पर दर येळी वर आले की न्हाई, दादा?"

पेज आणायला म्हणून उठलो आणि चुलीपाशी नुसताच उभा राहिलो.

२४ एप्रिल

काढावा तर मेण वितळेल, तपासणी हुकेल, औषध हुकेल. ठेवावा तर ती गारठून जाईल. सुमन म्हणाली, "मामा, मला त्या डब्याचं भ्या वाटतंय, पर तो गेला तर आत्याबाईचं औषध गेलं ना?" एवढं शहाणं वाक्य मला सुचलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन. लागता लागता लागला.

"काका, गार कशाला ठेवलात? घरात सावलीला, कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं. उन्हात नको, एवढंच म्हटलं होतं मी."

एवढंच. मी फॅट काढणारा माणूस. नमुना म्हटला की गार ठेवायचा, हेच माझ्या हाडात. दुसरं डोक्यातच आलं नाही.

दुपारीच जाऊन डबा काढला. उपरण्यानं पुसला तरी बाहेरून घाम धरतच होता. उघडला. मेणाला भेग. केसाएवढी, पण तुकड्याच्या अंगावरून गेलेली. बाईंना पुन्हा फोन केला, त्या म्हणाल्या, बहुतेक काही होणार नाही, पुण्याला ठरवतील.

बहुतेक.

ठोकळा आता ज्वारीच्या कणगीत, दाण्यांत पुरलेला. के. संध्याकाळपर्यंत वाकळेशिवाय झोपली. घाम आला तिला. घाम बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

२५ एप्रिल

जळजळ परत आली.

२७ एप्रिल

पुण्याचा फोन. नंबर लागला. के.ला प्रवास झेपणार नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटची गरज नाही, तुकडा पुरे. सुमन जाणार, तिची मावसबहीण तिथं असते. निकाल हातात येईपर्यंत राहील.

सुमन निघाली तेव्हा के. खाटेवरून म्हणाली, "हातावर दही दे रं दादा तिच्या." पिशवीतलं दही दुकानातून आणलेलं. सुमनच्या तळव्यावर ठेवलं, साखर ठेवली. सुमननं चाटलं.

"तिलाबी दे," के. म्हणाली.

सुमननं माझ्याकडं बघितलं. मग बोटावर थेंब घेऊन डब्याच्या झाकणाला लावला. मी नको म्हणालो नाही. मला काही वावगं वाटलं नाही, हेच आता लिहिताना वावगं वाटतंय.

सुमन उंबऱ्याबाहेर पडली आणि खाटेवरून आवाज आला, "येते दादा."

मी वळून बघितलं. के.चे डोळे मिटलेले.

२९ एप्रिल

सुमनचा फोन. ठोकळा दिला. भेगेचं सांगितलं, ते म्हणाले आतून पापुद्रा काढू, बघू काय येतं. शून्य, एक, दोन, तीन असे आकडे देतात. तीन आलं तर औषध. शून्य-एक आलं तर नाही. दोन आलं तर पुन्हा वेगळी तपासणी. भेगेजवळ रंग नीट धरला नाही तर काय, ते कुणी सांगत नाही.

मग सुमन थांबली. "मामा, हसू नका."

"न्हाई हसत."

"काचेमागचा माणूस म्हणला, आईंना आत बसवा, एसी हाय, बाहेर उभं करू नका. मी म्हणले, मी एकलीच आलेय. त्यानं माझ्या मागं बघितलं, मग कागदाकडं बघितलं."

"गर्दी असंल. दुसऱ्या कुणाची आई असंल."

"हां, गर्दी होती की. लई होती."

हे मी सुमनला नाही सांगितलं, इथं लिहितो. ती सांगते त्याच वेळचं. के.नं वाकळ ओढून घेतली होती, मशीन बंद असताना, लाइटही नसताना. म्हणाली, "दिवे लई हायत इथं. आन् परत गार."

३० एप्रिल

बाबुरावनं टाकीचं पाणी सोडून दिलं. लिंबाच्या बुंध्याला. तळ कोरडा झाला तर डबा ठेवला होता तिथं तपकिरी कडं उमटलेलं, गोल. डबा स्टीलचा. विटेचा रंग असणार, मी म्हणालो. वीट डब्याच्या वर होती, तो म्हणाला. घासून काढतो म्हणालो. तो म्हणाला, राहू दे बे. चांगली खूण हाय ना ती, तपकिरी? तूच सांगितलंस.

१ मे

उत्तम छावणीतून आला. कपिला व्याली, वासराला पाजलं म्हणाला. आईच्या पायांशी बसला. के.नं त्याच्याकडं खूप वेळ बघितलं.

"तू इकडं कदी आलास?"

"आत्ताच, आई. केजच्या गाडीनं."

"पुण्याला केजची गाडी येती?"

पोरगा बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला. मी त्याच्यामागं गेलो. का गेलो, माहीत नाही. दोघं उभे राहिलो.

आता के.ला हाक मारली तर उत्तर येतं, पण उशिरा. जसं ती टाकीत असायची तेव्हा यायचं.

पेज घेते. औषध घेते. अंग पुसून दिलं तर हात वर करते. सगळं करते. पण घरात नाही.

२ मे

निकाल नाही. सुमनचा फोन लागत नाही.

देवापुढं बसलो. तीन येऊ दे म्हणालो. दांडगी निघू दे. नंतर मनात आलं, देव गोंधळेल, म्हणून सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं त्याला. पेशी, कडं, रंग. के. खाटेवरून ऐकत होती. असं वाटलं.

विचारलं, "केसर, रंग दिला का गं त्यांनी?"

"मला काय इचारतोस दादा?" चिडून नाही, मऊ आवाजात, जसं लहानपणी मी चुकीच्या घरी पाणी मागितलं की सांगायची. "तिकडं इचार की."

३ मे

चि. केसर हिस, दादाचा आशीर्वाद.

कशी आहेस? काचेच्या पट्टीवर पातळ पापुद्रा करून ठेवतात म्हणे, दुखत तर नाही? गारठा कमी आहे का? सुमन रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसते, तिला दिसतेस का? तिनं काही खाल्लं की नाही एवढं बघ, ती स्वतः सांगणार नाही.

इकडची खुशाली. उत्तम बरा आहे, कुरूप कापून घेतलं. कपिलेचं वासरू उड्या मारतंय. बाबुराव चेष्टा करत नाही, बाकी बरा. टाकी धुतली नाही, तू आल्यावर बघ. लिंबाला पालवी फुटलीय, बाबुरावनं पाणी ओतलं त्या बाजूलाच. माझे गुडघे जिथल्या तिथं.

तुझी खाट, तुझ्या दोन वाकळा, आणि तू, सगळं इथं जागेवर आहे. मी शेजारीच बसून लिहितोय. तू झोपलीस. श्वास चालू आहे, मधूनमधून हात लावून बघतो. तू उठलीस की पेज देईन. पण तू म्हणालीस तिकडं विचार, म्हणून लिहिलं. मी तुला पाटीवर अक्षरं शिकवली होती, टाकीवर खडूनं नाव काढायचीस. विसरली नसशील.

भेग पडली ती माझ्यामुळं, तेवढं मनात धरू नको.

कडं तपकिरी आलं का, का नुसतं निळं? जे काही असेल ते लवकर लिही. दोघंही वाट बघतोय, मी आणि तू.